आत्याचे शब्द, उस्तादजींची चाल

परभणीचं स्टेशन आमच्या घरापासून पायी जाण्याइतकं जवळ होतं, तरी हैदराबादची गाडी मी पिंगळीहून धरली. हा आत्याचा हुकूम. परभणीच्या फलाटावर मोंढ्यातली, म्हणजे धान्यबाजारातली, ओळखीची माणसं भेटणारच, आणि विचारणारच की आप्पांची थोरली एवढा मोठा तंबोरा घेऊन कुठं निघाली. म्हणून बैलगाडी जुंपली. गाडीत कडबा पसरून त्यावर तंबोरा आडवा ठेवला, आणि आत्यानं आपल्या हातांनी त्यावर वाकळ पांघरली, तान्ह्या लेकराला खोचतात तशी चारी बाजूंनी खोचून.

वाटेत पेडगावचा एक शेतकरी भेटला, आप्पांच्या दुकानाचं जुनं गिऱ्हाईक. राम राम झाल्यावर तो गाडीच्या बाजूनं चालू लागला. वाकळेकडं बघून आवाज उतरवून म्हणाला, "कोन हाय ओ आप्पा? लय आजारी हाय का?"

"आजारी न्हाई," आप्पा म्हणाले. त्यांना खोटं बोलणं जमत नसे. "लांब न्यायचंय."

"डोस्कं लय सुजलंय की. हैदराबादेत मोठ्या दवाखान्यात दावा. हितल्या हकिमाच्या हाती नका देऊ."

आप्पांनी मान हलवली. मी पदराचा बोळा तोंडात धरून बसले होते. ते हसू पिंगळी येईपर्यंत टिकलं. आगगाडी हलली, आप्पा फलाटावर फेटा हातात घेऊन उभे राहिले, आणि मला एकदम आत्याचं निघतानाचं वाक्य आठवलं. उंबऱ्यात उभी राहून ती म्हणाली होती, "जा. पन तिकडं गायलेलं हिकडं गायाचं न्हाई."

इरा, निखिल, तुमच्या आईनं परवा फोनवर विचारलं, इरासाठी व्हायोलिनच्या टीचर घरी बोलवाव्यात की कॅलगरीतल्या म्युझिक स्कूलमध्ये नाव घालावं? "आई, तू दोन्हीकडं शिकलीस, तूच सांग." मी म्हटलं, लिहून कळवते. जन्मभर इंग्रजी शिकवलं, त्यामुळे प्रश्नाला मुद्देसूद उत्तर द्यायची सवय आहे. पण कागद पुढं ओढला की मुद्दे पडत नाहीत. तेव्हा जसं घडलं तसं लिहिते. तुम्ही ते इंग्रजीत मागितलं असतं तर माझं काम सोपं झालं असतं, पण आत्या इंग्रजीत बोलणार नाही.

आमचं घर मोंढ्याच्या मागच्या गल्लीत, माळवदाचं. पुढं आप्पांचं सरकी-पेंडीचं दुकान, मागं आम्ही. आम्ही लिंगायत वाणी. सकाळची लिंगपूजा झाल्याशिवाय कुणाच्या तोंडात पाणी जात नसे. माझी धाकटी बहीण गिरिजा जन्मली त्याच बाळंतपणात आमची आई गेली. आप्पांची थोरली बहीण, म्हणजे आत्या, लहानपणीच विधवा होऊन माहेरी आली होती. तिनं मला आणि गिरिजाला वाढवलं. दुकान आप्पांचं होतं. घर आत्याचं.

माझा गळा बरा आहे हे मठातल्या भजनात लोकांच्या लक्षात आलं, आणि आप्पांनी शिकवणीसाठी एक वयस्क सारंगीवाले शोधून आणले. आम्ही त्यांना उस्तादजी म्हणत असू. तारुण्यात ते हैदराबादेत कुणाकुणाच्या साथीला वाजवत. पण आत्याला एवढंच सांगितलं गेलं की हा माणूस उरुसात दर्ग्यावर गातो. दर्ग्याला आत्याही नारळ देत असे. ती म्हणाली, "मंग देवाचंच गातोय. येऊ द्या. पन वसरीवर."

ओसरीला आमच्याकडं वसरी म्हणतात. वसरी आणि माजघर यांच्यामधल्या दारावर आत्यानं बांबूच्या काड्यांचा चिकाचा पडदा सोडला. बाहेर उस्तादजी, आत मी, माझ्या मांडीला टेकून गिरिजा, आणि उंबऱ्यापाशी पाठ लावून शेंगा सोलत आत्या. उस्तादजींचा पाण्याचा पेला वेगळा होता, तो वसरीच्या कोनाड्यात असे. तेव्हा त्यात कुणालाच काही वावगं वाटत नव्हतं, मलाही नाही. काड्यांच्या फटींतून उस्तादजी म्हणजे पांढऱ्या-काळ्या रेघा दिसत. आवाज मात्र अख्खा यायचा. मी स्वरावर झडप घातली की ते म्हणत, "सुर कू पकड़ो नक्को, बेटी. उसके बाजू में बैठो."

आत्याचं लक्ष शब्दांवर. चालीतलं आपल्याला काही कळत नाही, हे तीच सांगायची. एकदा उस्तादजींनी एक नवी चीज सुरू केली, "दीया बुझन को आया, अब तो आवो सैयाँ." आत्याचा शेंगा सोलायचा आवाज थांबला.

"ह्यो सैया कोन?"

बाहेर सारंगीही थांबली. मग उस्तादजी सावकाश म्हणाले, "मालिक, बाई. ऊपरवाला."

"मंग त्याचं नाव घ्या की सरळ. आमच्यात त्येला शंभो म्हंत्यात."

"शंभो," उस्तादजींनी म्हणून पाहिलं, सारंगीवर बसवून पाहिलं. "बैठता है जी. अच्छा बैठता."

त्या दिवसापासून आमच्या घरात सैयाँचा शंभो झाला, पियाचा शिवा आणि बालमचा भोला. दिवा विझायला आलाय, आता तरी ये शंभो. आत्याला ते फार आवडे. ती देवघरात वात सारताना तेच गुणगुणायची, अर्थात बेसूर. आम्हा दोघींना तर त्यात बदलण्यासारखं काही आहे असंही वाटेना. सैयाँ हे उस्तादजींच्या बाजूचं देवाचं नाव, शंभो आमच्या बाजूचं.

गिरिजाला कुणी शिकवत नव्हतं. ती नुसती बसायची आणि संध्याकाळी मला अडलेली जागा भाकरी खाता खाता घेऊन दाखवायची. उस्तादजी हसत, "छोटी के गले में मुरकी पैदाइशी है." मला तेव्हा थोडं टोचायचं.

मी चौदाची झाले तेव्हा दोन गोष्टी एकाच महिन्यात आल्या. पाथरीचं एक व्यापारी घराणं मला बघायला आलं. त्यांच्या म्हातारीनं गायला सांगितलं, मी "दीया बुझन को आया" गायले, आणि म्हातारीच्या डोळ्यांत पाणी आलं. "शंभूला कसं हाक मारायलीय बगा पोरगी," ती म्हणाली. तिनं शिकवणीलाही हरकत घेतली नाही, "लग्नानंतरबी शिकू द्या की. आमच्याबी वसरीला चीक टांगू." आणि त्यातच हैदराबादेहून मामा आले, आईचे धाकटे भाऊ, रेल्वेच्या कचेरीत कारकून. तिथं मुलींचं एक इंग्रजी हायस्कूल होतं, त्याच आवारात संगीताची शाळा आणि हॉस्टेल. इम्तिहान म्हणजे परीक्षा होते, पास झालं की सनद मिळते, वगैरे त्यांनी जेवताना सांगितलं.

"आक्का, पोरीला गळा हाय," ते आत्याला म्हणाले. "हितं चिकामागं कोन ऐकणार तिचं?"

"देव ऐकतोय. तुला काय टिकट लावून ऐकवायचंय?"

"शाळा हाय ती, थेटर न्हाई."

"घरात गातीय तवर ते भजन असतंय, बाबा. चार लोकांत गायलं की मंग लोक त्येला नाव देत्यात."

आप्पांना कुणालाच नाही म्हणता येत नसे, बहिणीला नाही आणि मेव्हण्यालाही नाही. ते माझ्याकडं वळले, "पारू, तूच सांग." मुलीला विचारणं ही त्या काळी नवलाची गोष्ट, आणि मला तो मोठा मान वाटला. पुढं कित्येक वर्षांनी कळलं की ज्या गाठीला मोठ्या माणसांना हात लावायचा नव्हता, ती माझ्या हातात दिली गेली होती.

आत्यानं अटी स्वच्छ सांगितल्या. घरी शिकायचं तर पाथरीला होकार. शाळेत जायचं तर उस्तादजींपुढं पुन्हा बसायचं नाही, तुझ्या जागी गिरिजा बसेल. ही दुसरी अट ऐकून मला उलट सुटल्यासारखं वाटलं, कारण शिकवणी घरात राहणार होती. मी शाळा म्हटलं. सनदेचा मोह मला नव्हता. गाताना मला एकदा समोरच्याचे डोळे बघायचे होते, आणि पाथरीलाही चीकच टांगणार होते. एवढंच कारण होतं.

उस्तादजींना सांगितलं तेव्हा काड्यांपलीकडून ते म्हणाले, "जाओ बेटी. सुना हूँ वहाँ घड़ी देख के गाना पड़ता."

हैदराबादेत पहिल्या दिवशी हॉस्टेलची घोडागाडी मला आणि बरोबर आलेल्या मामांना घ्यायला आली. तिला चारी बाजूंनी पडदे होते. वरच्या वर्गांना पुरुष मास्तर शिकवत आणि त्या खोल्यांच्या मधोमधही पडदा होता, हिरव्या जाड कापडाचा. चिकातून निदान रेघा दिसायच्या.

पण नव्या मुलींची परीक्षा घेणाऱ्या बाई होत्या, मराठी, पुण्याकडच्या. त्यांनी मला समोर बसवलं. मामा दाराजवळच्या बाकावर, भिंतीशी पाच-सहा मोठ्या मुली. "काय येतं ते म्हण," बाई म्हणाल्या. पाथरीच्या म्हातारीला ज्यानं रडवलं, मला सगळ्यांत चांगलं येणारं तेच मी गायले. बाईंचे डोळे पहिल्या ओळीला अर्धे मिटले. मी ते पाहिलं आणि माझा आवाज आपोआप सुटला. मग शंभो आला. डोळे उघडले, ओठ हलले, आणि भिंतीजवळची एक मुलगी ओढणीत फिस्सकन हसली.

"हे कुठं शिकलीस?"

"घरी."

"घरी?" बाईंनी मामांकडं पाहिलं, पुन्हा माझ्याकडं. मग त्यांनी तीच ओळ हळू आवाजात म्हटली, सैयाँ घालून, एका बाजूला मान कलवून, आणि मला समजलं की कुणाची वाट बघितली जातेय. एका क्षणात समजलं. बाई रागावल्या नव्हत्या. त्या म्हणाल्या, "ही बैठकीची चीज आहे, मुली. कोठ्यावर गातात. तुझ्यावर चाल फार सुरेख चढलीय. पण इथं हे म्हणायचं नाही. विसर. पहिलं वर्षभर नुसती सरगम."

वर्षभर नुसती सरगम म्हणजे काय, ते सांगते. वीस मुली एकदम सा लावायच्या. कुणाचा चुकतोय ते कळायचं नाही, आणि बरोबर असला तरी कळायचं नाही. पीरियड संपला की शिपाई घंटा द्यायचा आणि आरोहात असलो तरी उठायचं. पाठीमागं गणिताचा वर्ग वाट बघत असे. हॉस्टेलात वेळापत्रकाबाहेर गुणगुणायला बंदी होती. चुलीपुढं, आडावर, धुणं वाळत घालताना मी घरी जेवढं गायले, तेवढं त्या संगीताच्या शाळेत कधीच गायले नाही.

मामांना मात्र त्या परीक्षेचं फार हसू येत राहिलं. मला हॉस्टेलवर सोडतानाही ते हसत होते. दिवाळीला परभणीला गेले, तेव्हा पंगतीत बसून त्यांनी सगळा प्रसंग बाईंच्या मान कलवण्यासकट करून दाखवला. त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं. सगळे हसतील असं त्यांना वाटलं. पुढचं मला गिरिजानं सांगितलं. आत्या वाढत होती. तिनं विचारलं, "मंग सैया म्हंजे कोन?"

"आक्का, सैया म्हंजे सैया," मामा म्हणाले. "नवरा समजा. न्हाईतर..." आणि तिथं ते थांबले, कारण कुणीच हसत नव्हतं.

आत्यानं पंगत शेवटपर्यंत वाढली. दुसऱ्या दिवशी तिनं चिकाचा पडदा उतरवला, गुंडाळून सुतळीनं बांधला आणि माळ्यावर टाकला. उस्तादजी नेहमीच्या वेळी आले, तेव्हा ती स्वतः वसरीवर गेली. दोष दिला नाही, आवाज चढवला नाही. "धाकटीची सोयरीक बघायलाव," म्हणाली. "आता गानं बास." गिरिजा नऊ वर्षांची होती. उस्तादजींनी सलाम केला आणि गेले. त्यांचा पेला कोनाड्यातच राहिला.

उन्हाळ्याच्या सुट्टीत मी घरी आले तर माजघरात भरपूर उजेड होता. ज्या पडद्याला कंटाळून मी गेले तो नव्हता, दार उघडं होतं, आणि त्या दारापलीकडं वसरीवर कुणी बसलेलं नव्हतं. गिरिजानं मला आडापाशी गाठलं.

"आक्का, आपुन देवाचंच गायचो ना?"

"हो," मी म्हटलं.

"मंग आत्याला सांग की."

मी आत्याला सांगायला गेले नाही. काय सांगणार होते? आप्पांना मात्र म्हटलं, मला परत जायचं नाही. ते बराच वेळ तराजूची पारडी पुसत राहिले. "हितं राहून काय करशील, पारू? उस्तादजी आता यायचे न्हाईत. पाथरीवाले म्हंत्यात, हॉस्टेलात राहिलेली पोरगी नको. जा. तिकडं निदान शाळा तरी हाय." ते खरं बोलत होते. शाळेत गाणं नव्हतं म्हणून घर हवं होतं, आणि मी शाळेत होते म्हणून घरात गाणं नव्हतं.

त्याच सुट्टीत उस्तादजी रस्त्यात भेटले. पहिल्यांदाच मध्ये काही नव्हतं. "बड़ी," त्यांनी आवाजावरूनच ओळखलं असावं, कारण मी गिरिजाशी बोलत होते. "क्या सिखा रहे वहाँ?"

"सरगम."

"अच्छा है. छोटी की सोयरीक हुई?"

त्यांनी आत्याचं कारण जसंच्या तसं खरं धरलं होतं. "अजून नाही," मी म्हटलं. "होगी, होगी," ते म्हणाले आणि गिरिजाच्या डोक्यावर हात ठेवला. गाताना समोरच्याचे डोळे बघायचे म्हणून मी घर सोडलं होतं. त्या वेळी मी रस्त्याच्या धुळीकडं बघत उभी राहिले.

मी परत गेले आणि इंग्रजीत डोकं घातलं. इंग्रजी कुठं शिकलीस, कुणाकडं शिकलीस, कुणासाठी म्हणतेस, असं कुणी विचारत नव्हतं. चुकलं तर खोडायचं, बरोबर असलं तर पुढं जायचं. एवढी मोकळी जागा मला दुसरी कुठं दिसली नाही. पुढं रझाकारांचे दिवस आले, गाड्यांचा भरवसा उरला नाही, हॉस्टेल बंद झालं. आप्पांनी आम्हाला निजामाच्या हद्दीबाहेर सोलापूरला नेलं. सगळं शांत झाल्यावर घरचे परभणीला परतले. मी शिक्षणासाठी सोलापुरात राहिले, मग पुणं, नोकरी, तुमचे आजोबा. संगीताची सनद मिळाली नाही, कारण तिचं इम्तिहान झालंच नाही. उस्तादजी परभणीत नव्हते. कुणी म्हणे हैदराबादला गेले, कुणी म्हणे आणखी दूर. नक्की कुणालाच सांगता आलं नाही.

गिरिजा पुढं पाथरीच्याच त्या घरात, त्यांच्या धाकट्या मुलाला दिली. दर सोमवारी त्यांच्याकडं बायका भजनाला बसत, आणि गिरिजाला जे येत होतं तेच ती गायची. तिला दुसरं येतच नव्हतं. तुमची आई मोठी झाल्यावर तिला बरोबर घेऊन मी एकदा पाथरीला गेले, तर पंधरा-वीस बायका टाळ घेऊन "दीया बुझन को आया" म्हणत होत्या, आणि शंभोच्या आधी उस्तादजींची ती मुरकी सगळ्यांच्या गळ्यातून जात होती, कुणाच्या खडबडीत, कुणाच्या बरी. गिरिजानं मला खूण केली, म्हण. मला त्या चीजेचं नोटेशन लिहून देता आलं असतं. गाता आलं नाही. "येतंय तुला," ती नंतर म्हणाली, "तू लाजायलीस." सनदवाली शहरातली बहीण समजून बायकांनी मला चहाचा पहिला कप दिला.

इरा, तुझ्या व्हायोलिनच्या प्रश्नाचं उत्तर इतकंच देऊ शकते. घरी शिक किंवा शाळेत शिक. पण जे मोठे लोक तुला ठरवायला सांगतायत त्यांना आधी विचारून घे, की एकीकडं गेल्यावर दुसरीकडचं दार उघडं राहील ना. मला हे विचारायचं सुचलं नव्हतं.

गिरिजा जाऊन आता काही वर्षं झाली. तिची सून सुशीला सोमवारी मला फोन लावते आणि भजनात मध्यभागी ठेवून देते. मी पुण्यातल्या या फ्लॅटमध्ये खुर्चीत बसून ऐकते. परभणीचं घर विकलं, तिथं आता कपड्यांचं दुकान आहे. मला परत जायला सोमवारच्या त्या तासाखेरीज जागा नाही. गेल्या सोमवारी भजन संपल्यावर सुशीलानं फोन उचलून विचारलं, "मावशी, गावात पुस्तक काढायलेत जुन्या पदांचं. ते दिव्याचं पद कुनाचं हाय? सासूबाईंनी कदी सांगितलं न्हाई. कुनाचं नाव टाकू?"

उस्तादजींचं नाव माझ्या जिभेवर आलं. ते टाकलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता, आणि त्याच्या पुढचा. खरं काय ते एकदा आमच्या पंगतीत सांगून झालं होतं. पाथरीच्या बायका कदाचित आत्यासारख्या नसतीलही. पण मला ते आजमावायचं नव्हतं. तुम्ही कॅलगरीला आहात, म्हणून तुम्हाला लिहिते. तिकडं हे कळून काही बंद पडणार नाही. पाथरीला बोलू नका.

"मावशी? हायेत का?"

"आहे," मी म्हटलं. "नाव नको टाकू. घरातलं आहे, असं लिही."